यादी लावणारा हात



सजीवाच्या जगण्यामरण्याचा निकाल यंत्राच्या तर्कावर सोपवावा का, हा प्रश्न ऐकला की बहुतेकांच्या मनात सिनेमातली दृश्ये येतात. लाल डोळ्यांचा यंत्रमानव, डोक्यावर घिरट्या घालणारे ड्रोन, माणसाच्या हुकमाबाहेर गेलेला एखादा महासंगणक. ही चित्रे निरुपयोगी आहेत असे नाही. पण त्यांच्यामुळे प्रश्न उद्याचा वाटू लागतो, आणि उद्याच्या प्रश्नावर माणूस ऐसपैस बोलतो. मला आज अशा जागेविषयी बोलायचे आहे, जिथे हा प्रश्न आजचाच काय, कालचाही आहे. रात्री हाती आलेले यकृत कोणाला बसवायचे आणि कोणाला अजून थांबायला सांगायचे, हे अमेरिकेत दोन दशकांहून अधिक काळ गणिताचे एक सूत्र ठरवते आहे. थांबायला सांगितलेल्यांपैकी काही जणांना थांबणे जमत नाही. तेव्हा ‘सोपवावा का’ या प्रश्नाचे उत्तर आपण न विचारताच देऊन बसलो आहोत. उरतो तो प्रश्न असा, की सोपवताना आपण नेमके काय सोपवले, आणि काय सोपवायला नको होते.

यकृताचे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे. मूत्रपिंडे निकामी झाली तर माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षे काढू शकतो. यकृताची जागा इतका काळ भरून काढील असे यंत्र अजून नाही. त्यामुळे यकृताच्या प्रतीक्षायादीत क्रम हाच उपचार असतो. अमेरिकेत २००२पर्यंत हा क्रम कसा लागत होता, ते पाहण्यासारखे आहे. रुग्णाची अवस्था ठरवणाऱ्या मोजपट्टीत पोटात पाणी किती साठले आहे, रुग्णाला भ्रम कितपत होतो, अशा डॉक्टरच्या नजरेवर अवलंबून असलेल्या गोष्टी होत्या. एकाच गटात पुष्कळ रुग्ण आले की कोण किती दिवस यादीत आहे यावर निकाल लागे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला वरची जागा मिळे. मग व्हायचे ते झाले. प्रवास ठरलेला नसतानाही आपण रेल्वेचे आरक्षण करून ठेवतो, तशी रुग्णांची नावे गरज पडण्याच्या खूप आधी यादीत जाऊन बसू लागली. १९९९मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितले, की यादीत घालवलेला काळ हा यकृताच्या रुग्णाची निकड मोजण्याचा योग्य निकष नाही. फेब्रुवारी २००२मध्ये नवी पद्धत आली. तिचे आद्याक्षरी नाव ‘मेल्ड’. मराठी कानाला जरा अशुभच. हे सूत्र मेयो क्लिनिकमध्ये तयार झाले होते, तेही वेगळ्याच कामासाठी: यकृतातला रक्तदाब उतरवण्याच्या एका प्रक्रियेनंतर कोण किती जगेल, याचा अंदाज करायला. रक्ताच्या तीन तपासण्या घ्यायच्या. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे किती थकली. आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो. हे तीन आकडे सूत्रात घातले की ६ ते ४० यांमधला एक गुण मिळे. गुण जितका जास्त, तितका मृत्यू जवळ, आणि म्हणून यादीतली जागा वर. डॉक्टर कोण, रुग्णालय कुठले, नाव कधी घातले, यांतले काही त्या तीन आकड्यांत नव्हते. पद्धत बदलल्यावर यादीत घाईने नावे घालणे कमी झाले आणि वाट पाहताना होणारे मृत्यूही घटले.

म्हणजे यंत्राच्या तर्काच्या बाजूने उघडलेले हे खाते चांगलेच भरभक्कम आहे. ज्यांना हा निर्णय ‘माणसाच्या हृदयाने’ व्हावा असे वाटते, त्यांनी सिअॅटलची गोष्ट विसरू नये. १९६०मध्ये तिथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायमची बसवता येईल अशी नळी तयार केली, आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले. यंत्रे मोजकी, रुग्ण पुष्कळ. १९६२च्या सुमारास निवडीचे काम सात जणांच्या समितीकडे आले: एक वकील, एक धर्मोपदेशक, एक गृहिणी, एक बँकर, एक कामगारनेता, एक सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक. नावे गुप्त, मानधन नाही. त्याच वर्षी पत्रकार शाना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’ मासिकात या समितीविषयी लिहिले, तेव्हा समिती काय काय विचारात घेते ते लोकांना कळले. विवाहित आहे का, मुले किती, मिळकत किती, शिक्षण किती, स्वभाव स्थिर आहे का, समाजाला पुढे उपयोग होईल का. ही सात माणसे दुष्ट नव्हती. उलट, वाईट काम प्रामाणिकपणे करू पाहणारी साधी माणसे होती. पण आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा जगणारा माणूस त्यांना वाचवण्याजोगा वाटला. एकटा, फटकळ, बेरोजगार, चार लोकांत न मिसळणारा माणूस त्या टेबलापाशी हरणारच होता. रक्तातल्या तीन आकड्यांना माणसाचा फटकळपणा दिसत नाही, हा त्यांचा केवढा तरी मोठा गुण आहे.

इथवर आल्यावर उत्साही माणूस म्हणेल, मग झाले तर. यंत्र निःपक्षपाती, माणूस पक्षपाती, सोपवा सगळे यंत्राकडे. इथे थोडे थांबू. ‘मेल्ड’ सूत्राने काय ठरवले? कोणाचा मृत्यू किती जवळ आहे, याचा अंदाज दिला. ज्याचा मृत्यू सर्वांत जवळ त्याला यकृत आधी, हे मात्र सूत्राने ठरवले नाही. ते माणसांनी ठरवले, बैठका घेऊन, वाद घालून. दुसरे काहीही ठरवता आले असते. ज्याला यकृतामुळे सर्वाधिक वर्षे मिळतील त्याला आधी, असे म्हणता आले असते. ज्याने आयुष्य कमी पाहिले त्याला आधी, असेही म्हणता आले असते. या प्रत्येक म्हणण्यामागे न्यायाची वेगळी कल्पना आहे, आणि कितीही वेगवान संगणकाला त्यांच्यातून निवड करता येत नाही, कारण ती निवड म्हणजे गणिताचे उत्तर नाही, गणिताचा प्रश्न आहे. यंत्राच्या तर्काविषयी आपण जे बोलतो त्यातले अर्धे बोलणे या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून येते. शिवाय ही सरमिसळ सोयीचीही असते, त्याकडे मी नंतर येईन.

ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. मार्च २०१८पासून तिथे यकृताचे वाटप ‘प्रत्यारोपणातून मिळणारा लाभ’ मोजून होते. रुग्णाविषयीच्या २१ आणि दात्याविषयीच्या ७ बाबी घ्यायच्या. यकृत मिळाले तर रुग्ण किती जगेल आणि न मिळाले तर किती, हे दोन्ही काढायचे आणि फरक पाहायचा. कल्पना म्हणून ही ‘मेल्ड’पेक्षा उदार आहे. पण फरक मोजायचा तो पुढच्या पाच वर्षांपुरताच. आता पाहा, पंचविशीतल्या मुलीला नवे यकृत चाळीस वर्षे पुरेल अशी शक्यता असली, तरी हिशेबात तिची पाचच वर्षे येतात. पासष्टीच्या गृहस्थांचीही पाचच. त्यात तरुण रुग्ण यकृताशिवायही थोडा अधिक तग धरतो, म्हणजे त्याचा ‘लाभ’ आणखी कमी दिसतो. तरुणांना मागे ढकलावे असे कोणीच ठरवले नव्हते. पाच वर्षांचा पल्ला कोणीतरी घेतला, बहुधा तेवढ्याच काळाची विश्वासार्ह माहिती हाताशी होती म्हणून, आणि एक नैतिक निर्णय तांत्रिक सोयीच्या पोटातून जन्माला आला. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांबाबत हे सूत्र वैद्यकाला न पटणारी उत्तरे देते, हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले ते २०२३मध्ये, पद्धत सुरू झाल्यावर पाच वर्षांनी. तीन आकड्यांचे सूत्र कोणताही निवासी डॉक्टर कागदावर मांडून पाहू शकतो. अठ्ठावीस बाबींचे, परस्परांत गुंतलेले सूत्र पाहून ‘इथे काहीतरी चुकते आहे’ असे म्हणायला संशोधकांचा गट लागतो.

चूक कशी दडून बसते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण न्यूमोनियाचे आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत एका प्रकल्पात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला दाखल करून घ्यायचे आणि कोणाला औषधे देऊन घरी पाठवायचे, हे सांगणारी संगणकीय प्रारूपे तयार केली गेली. त्यांत सर्वांत अचूक ठरले ते मज्जाजालासारखे रचलेले प्रारूप, ज्याच्या पोटात काय चालते ते कोणाला वाचता येत नव्हते. त्याच माहितीवर शिकवलेले दुसरे, साध्या नियमांचे प्रारूप मात्र वाचता येत होते. ते वाचल्यावर त्यात एक चमत्कारिक नियम सापडला: दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी. कुठल्याही डॉक्टरला विचारा, तो उडेल. पण नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून उपचार करत, आणि म्हणून तो वाचत असे. यंत्राने डॉक्टरांच्या धावपळीचे फळ रोगाच्या स्वभावात जमा केले. त्या प्रारूपाचे ऐकून दमेकऱ्याला घरी पाठवले असते, तर वाचवणारी धावपळच बंद पडली असती. संशोधक रिच कारुआना यांनी पुढे, २०१५च्या शोधनिबंधात, ही हकीकत सविस्तर मांडली. ते अचूक प्रारूप वापरायचे नाही असे ठरले, कारण वाचता येणाऱ्या भावंडात जो दोष सापडला तो त्याच्यातही असणार, आणि त्याच्याशिवाय आणखी कोणते दोष असतील ते कळायला मार्ग नव्हता. रुग्णालयाच्या नोंदी म्हणजे निसर्गाची बखर असे आपण धरून चालतो. त्या खरे तर आपल्याच वागण्याची बखर असतात. त्यात कोणाकडे धाव घेतली गेली आणि कोणाकडे पाठ फिरवली गेली, हे रोगाच्या शाईनेच लिहिलेले असते.

पाठ फिरवली जाण्याचे उदाहरण २०१९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. अमेरिकेत जादा देखभालीची गरज कोणाला आहे हे ओळखणारी एक संगणकीय पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात होती. गरज मोजायला तिने पूर्वी झालेला उपचारखर्च घेतला होता. ज्यांच्यावर खर्चच कमी होत आला, ते कृष्णवर्णीय रुग्ण तिला निरोगी वाटले. दोष दुरुस्त केला, तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाते, असा हिशेब संशोधकांनी मांडला. वंशाचा रकाना त्या पद्धतीत नव्हताच.

आता ‘मेल्ड’कडे परत येऊ, कारण मघाशी मी त्याची बाजू जरा जास्तच गोड करून सांगितली. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. बायकांच्या शरीरात स्नायू सरासरीने कमी, म्हणून मूत्रपिंडे तितकीच खराब असली तरी रक्तातला आकडा कमी. आकडा कमी म्हणजे गुण कमी, गुण कमी म्हणजे यादीत खाली. तीन आकड्यांना फटकळपणा दिसत नाही हे खरे, पण त्यांना बाईचे शरीर नीट दिसत नव्हते. नव्या पद्धतीत कृष्णवर्णीय रुग्णांवरचा अन्याय कमी झाला आणि बायकांवरचा वाढला, हे २००८मध्ये छापून आले होते. सुधारलेले सूत्र, ज्यात स्त्री असल्यास १.३३ गुण मिळवतात, लागू झाले २०२३मध्ये. पंधरा वर्षे. तेव्हा सूत्र उघड असले की काम झाले, असे मी म्हणत नाही. उघड सूत्रातली चूक डोळ्यांना दिसते. ती दुरुस्त करण्याचे बंधन कोणावर तरी असावे लागते, आणि ते बंधन सूत्रात लिहिता येत नाही.

मूत्रपिंडांच्या बाबतीत हे बंधन एकदा नीट पाळले गेले. मूत्रपिंडे किती काम करतात याचा अंदाज काढण्याच्या १९९९पासून रूढ झालेल्या सूत्रात, रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून घेण्याचा एक गुणक होता. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडे कागदावर बरी दिसत आणि प्रत्यारोपणाच्या यादीतला त्यांचा काळ उशिरा मोजायला सुरुवात होई. २०२१मध्ये वंशाचा गुणक वगळलेले सूत्र आले. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. २०२३च्या जानेवारीपासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या नोंदी काढून, नव्या सूत्राने पुन्हा हिशेब करून, अशा रुग्णांचा प्रतीक्षाकाळ मागे नेऊन देणे भाग पडले. हजारो रुग्ण यादीत वर सरकले. झालेली चूक मागे जाऊन पुसता आली, कारण गुणक छापलेला होता, आकडे नोंदलेले होते आणि नवा हिशेब कोणालाही करता येत होता.

माझे म्हणणे आता सरळ सांगतो. यंत्राने मोजायला माझी हरकत नाही. सिअॅटलच्या टेबलापेक्षा मी रक्ताच्या तीन आकड्यांवर अधिक विश्वास ठेवीन. पण जो हिशेब मागे पडलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला वाचून दाखवता येत नाही, ज्याच्यावर त्याला हरकत घेता येत नाही आणि हरकत खरी ठरल्यास ज्याची दुरुस्ती करणे कोणावर तरी बंधनकारक नाही, त्या हिशेबाने कोणाच्या जगण्यामरण्याचा क्रम लावू नये. मी ओढतो आहे ती रेघ यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये पडत नाही. गुप्त समिती याच रेघेच्या पलीकडे जाते, आणि बंद पेटीतला संगणकही.

यावर सर्वांत कठीण आक्षेप अचूकतेचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. समजा, वाचता न येणारे एखादे प्रारूप ‘मेल्ड’पेक्षा अधिक जीव वाचवते. मग केवळ मला वाचता यावे म्हणून मी माणसे मरू देणार का? हा काल्पनिक प्रश्न नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यकृतवाटपासाठी यंत्रशिक्षणावर आधारलेली एक पद्धत मांडली आणि जुन्या नोंदी संगणकावर पुन्हा चालवून दाखवले, की तिने ‘मेल्ड’च्या तुलनेत वर्षाला सुमारे ४१८ मृत्यू टळले असते. ४१८ हा आकडा ‘पारदर्शकता’ या शब्दाने झाकण्याइतका लहान नाही. पण त्याच्याकडे नीट पाहू. तो आकडा जुन्या नोंदींवरचा आहे, आणि नियम बदलला की डॉक्टरांचे वागणेही बदलते. २००२मध्ये तेच झाले होते. दुसरे, या पद्धतीत वापरलेली रचना निर्णयवृक्षाची आहे: या आकड्याहून जास्त असेल तर या फांदीने जा, कमी असेल तर त्या फांदीने. झाड मोठे असले तरी ते छापता येते, भिंतीवर लावता येते. म्हणजे अचूकता आणि वाचनीयता यांच्यात वैर असलेच पाहिजे, हे गृहीतच इथे डळमळते. असे झाड असेल तर जरूर आणा, छापा, वर्षभर जुन्या पद्धतीशेजारी चालवून पाहा. माझा विरोध नाही. आणि तरीही, खरोखरच बंद असलेली आणि खरोखरच जास्त अचूक अशी एखादी पेटी पुढे आलीच तर? तर मी थोडी अचूकता सोडीन. कारण तिथली तुलना ४१८ विरुद्ध शून्य अशी नसते. वाचलेले जीव मोजलेले असतात. बंद पेटीतल्या दोषाने गेलेले जीव मोजलेले नसतात, कारण दोष कुठे आहे हेच माहीत नसते. आणि तो दोष पावसासारखा सगळ्यांवर सारखा पडत नाही, तो दमेकऱ्यावर पडतो, बाईवर पडतो, ज्याच्यावर आधी खर्च झाला नाही त्याच्यावर पडतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: सूत्र उघडे केले की लोक त्यात लबाडी करणार. करतात. जर्मनीत ‘मेल्ड’ २००६च्या अखेरीस लागू झाले, आणि २०१२मध्ये उघडकीस आले की काही प्रत्यारोपण केंद्रांत रुग्णांची माहिती बदलून त्यांना यादीत वर चढवले जात होते. रुग्णाचे डायलिसिस चालू आहे असे नोंदले की सूत्रात क्रिएटिनिनचा आकडा आपोआप कमाल धरला जातो. मग न झालेले डायलिसिस कागदावर झाले. पण हे पकडले कसे जाते तेही पाहा. डायलिसिस झाले असेल तर त्याच्या नोंदी हव्यात, आणि त्या नसतात. उघड्या सूत्रात शिरलेले खोटे एका ठरावीक रकान्यात असते. तिथे बोट ठेवता येते. जर्मनीने पुढे कायदा बदलून अशी खोटी नोंद हा गुन्हा ठरवला. शिवाय या प्रकरणाने आणखी एक गोष्ट शिकवली, जी मला आक्षेपापेक्षा मोठी वाटते. २०१२मध्ये जर्मनीत मृत्यूनंतर अवयव देणारे दाते १,०४६ होते. २०१३मध्ये ते ८७६ झाले. यादीवरचा विश्वास उडाला की माणसे द्यायचे थांबतात. अवयव कारखान्यात बनत नाही. कोणाचे तरी घर शोकात असताना ते घर ‘घ्या’ म्हणते, तेव्हा तो येतो. म्हणून हिशेब वाचून दाखवणे हा निव्वळ नीतीचा सोपस्कार नाही. यादीत किती जणांना काही मिळेल, हे त्यावर ठरते.

तिसरा बचाव फार गोड आहे: अंतिम निर्णय माणसाचाच असतो, यंत्र फक्त सुचवते. कागदावर हे नेहमीच खरे असते. पण काढलेले हृदय चार ते सहा तास टिकते, यकृत बारा तासांच्या आसपास. रात्री अडीच वाजता पडद्यावर आलेला क्रम बदलायचा तर डॉक्टरला कारण लिहून द्यावे लागते, आणि क्रम पाळायचा तर काहीच लिहावे लागत नाही. या उतारावर पाणी कुठे वाहणार, ते सांगायला नको. आणि मघाशी ज्या सोयीचा उल्लेख केला ती इथे कामी येते. डिसेंबर २०२०मध्ये स्टॅनफर्डच्या रुग्णालयात करोनाच्या लशीच्या पहिल्या पाच हजार मात्रांच्या यादीत तेराशेहून अधिक निवासी डॉक्टरांपैकी फक्त सात जण होते. कोविडच्या वॉर्डात रात्रंदिवस उभे राहणारे हेच लोक. ते निदर्शने करायला आले तेव्हा उत्तर मिळाले, की अल्गोरिदम चुकला. तो ‘अल्गोरिदम’ म्हणजे वय, पद आणि विभाग यांना गुण देणारी साधी बेरीज होती, माणसांनी बसून ठरवलेली. निवासी डॉक्टर फिरते असल्यामुळे त्यांना ठरावीक विभागच नव्हता, म्हणून गुणही नव्हते. आपल्याकडे सरकारी कचेरीत ‘वरून आदेश आहे’ हे वाक्य जे काम करते, तेच काम आता ‘सिस्टीममध्ये असेच दाखवते आहे’ हे वाक्य करू लागले आहे. यंत्राने माणसाचा निर्णय बळकावला ही भीती मला कमी वाटते. माणसाने आपला निर्णय यंत्राच्या नावावर खपवावा, याची अधिक वाटते.

हे सगळे परदेशातले झाले. पण अवयवांच्या कायद्याशी महाराष्ट्राचे आणि गोव्याचे नाते जुने आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय. म्हणून महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. त्या कायद्याने एक शहाणपण दाखवले आहे. मेंदू मृत झाला आहे हे चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवायचे, तपासण्या दोनदा करायच्या, दोहोंत निदान सहा तासांचे अंतर ठेवायचे, आणि अवयव काढणाऱ्या चमूतल्या कोणी त्या मंडळात बसायचे नाही. जिथे चूक परत फिरवता येत नाही, तिथे कायद्याने सह्या मागितल्या आणि त्या सह्यांमागे नावे असलेली माणसे उभी केली. यंत्रे तेव्हाही होतीच. व्हेंटिलेटर, मॉनिटर सगळे होते. पण माणूस गेला हे मॉनिटरने सांगून भागले नाही.

दात्याच्या बाजूला इतकी काळजी घेणारी व्यवस्था घेणाऱ्याच्या बाजूला काय करते? मुंबईत २०००पासून विभागीय समन्वय केंद्र आहे, मूत्रपिंडाच्या यादीसाठी गुणांची पद्धत आहे, डायलिसिसवर किती काळ गेला वगैरे गोष्टींना गुण आहेत. ही पद्धत साधी आणि छापील आहे, ही जमेची बाजू. पण खरा पेच यादीच्या आधीच आहे. भारतात दहा लाख लोकांमागे मरणोत्तर अवयवदाता एकही भरत नाही. स्पेनमध्ये हाच आकडा चाळिसाच्या वर आहे. २०२३मध्ये देशात अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, त्यांतली बहुतेक जिवंत दात्यांकडून, म्हणजे घरातल्याच कोणाकडून. या घरातल्या दात्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा खूप मोठी आहे, आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. हा क्रम कुठल्याही अल्गोरिदमने लावलेला नाही. तो जेवणघरात, न बोलता लागतो. आणि ज्या तालुक्यातून शहरातल्या प्रत्यारोपण केंद्रापर्यंत रुग्ण पोचतच नाही, तिथल्या माणसाचे नाव कुठल्याच यादीत नसते. यंत्राला यादीतली माणसे दिसतात. न आलेली दिसत नाहीत. सिअॅटलची समिती नैतिक चर्चेने संपली नाही, हे इथे सांगायला हवे. १९७२मध्ये अमेरिकी सरकारने डायलिसिसचा खर्च उचलायचे ठरवले आणि निवड करण्याचे कारणच बहुतांशी उरले नाही. कोणाला वाचवायचे, या प्रश्नाआधी एक प्रश्न असतो: इतक्या थोड्यांनाच का वाचवता येते? वाटपाचे सूत्र जितके देखणे होत जाते, तितका हा आधीचा प्रश्न मागे सरतो आणि टंचाई पावसाळ्यासारखी निसर्गाची गोष्ट वाटू लागते.

यापुढे आपल्याकडेही अधिक गुंतागुंतीची सूत्रे येतील, यंत्रशिक्षणाची येतील, आणि त्यांतली काही खरोखर चांगली असतील. ती स्वीकारताना मंत्रालयाने, रुग्णालयांनी आणि आपण एक मागणी धरावी. यादीत मागे पडलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी विचारले तर त्यांच्या हातात एक कागद पडावा. त्यावर रुग्णाचे कोणते आकडे धरले, त्यांचे गुण किती झाले, त्या दिवशी पुढे असलेल्याचे गुण किती होते, हा नियम कोणी आणि कधी मंजूर केला, आणि हरकत असल्यास ती ऐकून घेणे ज्याच्यावर बंधनकारक आहे त्या अधिकाऱ्याचे नाव व सही, एवढे असावे. पुढे असलेल्याचे नाव नको, गुण पुरेत. तो कागद मराठीत असावा, आणि रात्री अडीच वाजताही मिळावा.